आई बसलेली रिकामी सीट

दादाने नवी गाडी घेतली तेव्हा मी पूजेला गेलो, पेढा खाल्ला, बॉनेट उघडून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण खेकसलो. गाडीचं मला काही नव्हतं. कल्याण रोडवर माझं गॅरेज आहे, असल्या गाड्या रोज हाताखालून जातात. पोटात दुखत होतं ते पुढच्या सीटचं. तिथे दादाच्या शेजारी आई बसली होती.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कोन गावात आमच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, त्यांचा कारभार तोच बघतो आणि आई त्याच्याकडेच राहते. मी लग्नानंतर कामतघरला आलो. आई माझ्याकडे येते ती पाहुण्यासारखी. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात झोप लागत नाही म्हणते आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरते. दादाच्या दारावरून चोवीस तास कंटेनर जातात, तिथे मात्र ती छान घोरते. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तो आवाज सवयीचा हाय."

दिवाळीनंतर दादा गाडी घेऊन गॅरेजवर आला. त्याआधी दोनदा तो सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता. पहिल्या वेळी त्यांनी काही दोष नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या वेळी सीटच्या आतलं सगळं बदलू म्हणाले, मग दादासाहेबांना सख्खा भाऊ मेकॅनिक असल्याचं आठवलं. हे मला लागलं.

या गाडीत पुढच्या सीटच्या गादीखाली एक पातळ सेन्सर असतो. कोणी बसलं आहे की नाही हे तो वजनावरून ओळखतो. सीट रिकामी वाटली की गाडी त्या बाजूची एअरबॅग बंद ठेवते आणि समोर पिवळा दिवा लावते. वहिनी बसली की दिवा विझायचा, आई बसली की पेटायचा.

"आईला गाडी मोजतच न्हाय," दादा म्हणाला.

मी स्कॅनर लावला. एकही फॉल्ट निघाला नाही. सीटखालचा कनेक्टर सोडवून पाहिला, पिना चकचकीत. सीट मागेपुढे सरकवून वायर कुठे दाबली जाते का बघितलं. स्वतः बसलो, दिवा विझला. समोरच्या कारखान्यातून सुताची गोणी आणून ठेवली, तरी विझला. मग राहिली एकच गोष्ट. म्हटलं, आईला घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. तिला म्हटलं, रोज बसतेस तशी बस. तिने चपला खाली काढल्या, हातातली गोधडी चौपदरी घडी घालून सीटवर ठेवली, पाय वर घेऊन मांडी घातली आणि सगळा भार दारावर टाकून रेलली. मुळात अंगावर मूठभर मांस, त्यात ही बैठक. स्कॅनर म्हणाला, सीट रिकामी. मी गोधडी काढायला लावली, पाय खाली सोडायला सांगितले, सरळ बसवलं. दिवा विझला.

पाच मिनिटांत निदान झालं. सर्व्हिस सेंटरवाल्यांना ते कसं सापडणार? तिथे दादा एकटाच गेला होता. आणि शेजारी बसून त्याच्याही ते लक्षात आलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. ओटीवर, टेम्पोत, डॉक्टरकडच्या बाकावर आई अशीच बसते. ती दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसलेली आम्ही भावांनी पाहिलेलीच नव्हती.

दादा टपरीवर चहा सांगायला गेला होता. तो परत आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "हलत्या गाडीत तपासावं लागेल. गाडी राहू दे, आईलाही. संध्याकाळी मी सोडतो."

असं मी तीनदा केलं, तीन आठवडे. दर खेपेला आई गोधडी घालून मांडी ठोकून माझ्या शेजारी, समोर पिवळा दिवा, आणि आम्ही पडघ्यापर्यंत जाऊन परत. आई वाटभर बोलायची. फक्त दादाबद्दल.

"त्याची साखर वाढली हाय, सांगत न्हाय कोनाला. भातावरचं मन उडालंय त्याचं. लहानपनी ताप आला का माझा पदर सोडत नव्हता."

"आणि मी?"

"तू कवा आजारी पडलास?"

"महिनाभर कावीळ झाली होती मला."

"हां, झाली व्हती," म्हणाली, आणि पुन्हा दादाच्या साखरेवर आली. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तरी पुढच्या आठवड्याची मी वाट बघायचो.

तिसऱ्या खेपेला पडघ्याच्या अलीकडे एका गोदामाच्या फाटकातून कंटेनर सरळ आडवा आला. मी करकचून ब्रेक मारला. माझा डावा हात आपोआप आईच्या छातीपुढे गेला. गाडी थांबली तेव्हा दिवा तसाच पेटलेला होता. तो का पेटलाय हे माहीत असलेला जगात मी एकटाच होतो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्याच संध्याकाळी दादाला सांगून टाकलं, गाडीत दोष नाही, गोधडी काढ, पाय खाली. कधी कळलं ते सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी तो एकटाच गॅरेजवर आला.

"आई पुढं बसत न्हाय आता. पाय लोंबते ठेवून बसवत न्हाय म्हनते. गोधडी घेऊन मागं जाते."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "मागेही पाय खाली सोडून बसव आणि बेल्ट लाव," एवढं म्हणालो.

तो जाईना. माझा पाना उचलून उगाच हातात फिरवत राहिला.

"एक इचारू? तुझ्यासंगती बोलायची काय रं ती? माझ्या गाडीत मिठाची गुळनी धरून बसते. शेजारी व्हती तवापन तसंच."

"बोलायची की. लय बोलायची."

"काय बोलायची?"

त्याने वर पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच्या घराकडे ज्या नजरेने बघत आलो, ती नजर मला पहिल्यांदाच समोरून दिसली. एका वाक्याचं काम होतं. तुझंच बोलायची, एवढंच म्हणायचं होतं.

"असंच," मी म्हटलं, "आमचं दोघांचं."