दीपमाला सिस्टरचे हत्ती

नाशिकच्या सिडकोतल्या त्या कॉलनीत दीपमाला खैरनार हे नाव सांगून घर सापडत नाही. सिस्टर कुठे राहतात म्हणून विचारलं, की पानवालासुद्धा बोट दाखवतो. सरकारी दवाखान्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाली तरी कोणाला सलाइन लावायचं, कोणाच्या म्हाताऱ्याची जखम धुवायची, लोक तिच्याच दारात उभे. ती नाही म्हणत नसे. नाही म्हणायचा तिला सरावच नव्हता.

घर मूळचं विंचूरकडचं. वडील गेले तेव्हा ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि धाकटा भाऊ सुनील शाळेत. तिच्या पगारावर सुनीलचं आयटीआय झालं, अंबडला नोकरी लागली, पुढे तिथेच त्याने स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड टाकलं. तिच्या लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली. एकांना रात्रपाळी करणारी सून नको होती. दुसऱ्यांना पगार हवा होता, पण तिच्याबरोबर येणारी आई नको होती. नंतर तो विषय घरात कोणी काढला नाही. आईचं अंथरुणावरचं सगळं तिनेच केलं. सुनीलच्या बायकोचं, आशाचं बाळंतपण तिनेच काढलं, आणि पुढे आशाच्या मुलाच्या, रोहितच्या बायकोचंही. "आत्या आहे ना," हे त्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. हे म्हटलं की बाकीचे झोपायला मोकळे.

हत्तीचं वेड तिला लागलं ते कुंभमेळ्यात. २००३ साली तिची ड्यूटी तपोवनात, दवाखान्याच्या तंबूत होती. एका दुपारी एक माहूत मलम मागायला आला. स्वतःसाठी नाही, हत्तिणीसाठी. माणसाचं मलम जनावराला कसं द्यायचं म्हणून ती बघायला गेली. हत्तीण खुंटाला बांधलेली होती आणि साखळीने पायाची कातडी सोलून निघाली होती. दीपमालाने उकिडवं बसून ती जखम धुतली. हत्तिणीने पाय हलवला नाही. ती फक्त डुलत होती, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे, सारखं त्याच लयीत.

"नाचती है," माहूत कौतुकाने म्हणाला.

दीपमालाने मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलं होतं. हे डुलणं तिने माणसांत पाहिलं होतं, आणि त्याला नाच म्हणत नाहीत हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी तिला डबा गेला नाही. आपल्या मर्जीने चालणारा, आपल्या मर्जीने थांबणारा हत्ती एकदा बघायचा, हे तिच्या मनात तेव्हापासून बसलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर एका जंगलात जाऊन आली होती. उघड्या बसमध्ये वेफर्सची पाकिटं, वाघ दिसला नाही म्हणून कुरकुर, ड्रायव्हरशी भांडण. परत येताना तिने ठरवलं, पुढच्या वेळी स्वतंत्र जीप, एक गाइड, आणि आपण. बस्स. कर्नाटकात काबिनीच्या जंगलात उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं, काठावर नवं गवत येतं आणि हत्तींचे कळप तिथे उतरतात, असं तिने वाचलं. मग तिथल्या एका लॉजवर फोन लावला.

"मॅडम, कितने लोग?"

"एक."

"पूरी जीप एक के लिए?"

"हां. और टाइगर के पीछे मत दौड़ाना. हाथी मिले तो वहीं खड़ा रहना."

दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ अशा चार फेऱ्या तिने ठरवल्या. जंगलात भडक रंग नको म्हणून मातकट रंगाचे दोन ड्रेस शिवून घेतले. दुर्बीण आणली. संध्याकाळी गच्चीवर जाऊन ती पांडवलेणीच्या डोंगरावर चढणारी माणसं बघत दुर्बिणीवर हात बसवायला लागली. वर्षानुवर्षांत तिने इतक्या हौसेने काही केलं नव्हतं. गच्चीवर एकटीच हसायचीसुद्धा.

ती दुर्बीण सापडली रोहितच्या लेकीला, वेदिकाला. पोरगी चार वर्षांची. घरी जाऊन तिने सांगून टाकलं, की आत्याआजी हत्ती बघायला चालली.

दुसऱ्याच दिवशी सुनील आला. चहा समोर आला तरी त्याने कप उचलला नाही.

"ताई, आम्ही परके झालो का?"

"का रे?"

"एकटी चाललीस. सांगितलंही नाहीस. लोकांना वाटेल भावाने वाऱ्यावर सोडली."

"मला एकटीलाच जायचंय, सुनील."

"एकटीने काय मजा? जाऊ ना सगळे. जीप तुझीच, आम्ही काय जागा खातो? रोहितला सुट्टी काढायला सांगतो. वेदिकालाही हत्ती दिसेल."

नाही म्हणायची वेळ तीच होती. तिने बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, "चहा घे, निवतोय."

रोहितची बायको हर्षाली मोबाइलवर बुकिंग करण्यात हुशार. तिने मनापासून सगळं हातात घेतलं. चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, कारण इतक्या लांब जायचं तर म्हैसूरचा राजवाडा बघायला हवा, आणि ऊटीही जवळच. साधं लॉज जाऊन स्विमिंग पूलचं रिसॉर्ट आलं. "आत्या, तुमची स्वतंत्र जीप मात्र ठेवलीये हं," हर्षाली म्हणाली. दीपमालाने थँक्यू म्हटलं. स्वतःच्याच सहलीबद्दल आपण दुसऱ्याचे आभार मानले, हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं.

पहिली फेरी म्हैसूरच्या साड्यांनी खाल्ली. आशाला दुकानातून उठवेना. दीपमाला दारात उभी राहून घड्याळ बघत होती, आणि दुकानदार तिला बसायला स्टूल देत होता. जंगलाच्या फाटकाशी गाडी पोहोचली तेव्हा आत गेलेल्या जिपांची धूळही खाली बसली होती.

"जाऊ दे ताई," सुनील म्हणाला. "उद्या सकाळची आहेच."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन जिपेत बसली. मादप्पा नावाचा गाइड होता, जवळच्याच गावातला. "मॅडम, कल सामने किनारे पर झुंड था, बच्चा भी है," तो हळू आवाजात म्हणाला. एवढ्यात हर्षाली वेदिकाला कडेवर घेऊन आली. पोरीला दोन उलट्या झाल्या होत्या. दीपमाला खाली उतरली. कपाळाला हात लावला, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली.

"काही नाही. काल बाहेरचं खाल्लंय. ओआरएस पाजत राहा, दुपारपर्यंत उड्या मारेल."

"मग मी थांबते," हर्षाली म्हणाली. ती खरंच थांबली असती.

"तुला काय कळतं त्यातलं?" रोहित म्हणाला. "पुन्हा उलटी झाली म्हणजे? आत्या आहे ना."

मादप्पाने इंजिन चालू केलं. जिपेत चढून बसलेली आशा वरूनच म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं पोरीचं कोणाला जमणार?"

"संध्याकाळची तुला पुन्हा करू," सुनील म्हणाला. "माझा शब्द."

कोणी तिला ओढून उतरवलं नव्हतं. ती आधीच उतरलेली होती. तिने पुन्हा वर चढायचं तेवढं राहिलं होतं. तिने हात पुढे केले आणि वेदिकाला घेतलं. पुढे कितीतरी दिवस तिला भावाचा राग आला नाही, त्या पुढे केलेल्या हातांचा आला.

ऊन चढायच्या आत वेदिका पूलमध्ये जायचं म्हणून भोकाड पसरत होती.

ते परतले तेव्हा सगळे एकदम बोलत होते. कळप दिसला होता. पिल्लू दिसलं होतं. रोहितने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. चित्र हलत होतं आणि त्यावर सुनीलचा आवाज होता, "बघ बघ, आला, ए रोहित, पिल्लू घे, पिल्लू!" मागून शिट्टी. मादप्पा "सर, शांत, प्लीज" म्हणतोय. मोठी हत्तीण कान उभारून दोन पावलं पुढे आली, तशी सगळ्यांची किंकाळी आणि मग हसणं. पिल्लाला पोटाखाली घेऊन हत्तीण झाडीत गेली. व्हिडिओ संपला.

"आपल्यावर धावून आली ती!" आशा म्हणाली.

"तुम्ही ओरडलात म्हणून," दीपमाला म्हणाली.

"पुन्हा दाखवू का, आत्या?"

"नको. सुनील, संध्याकाळचं काय?"

सुनीलने रोहितकडे पाहिलं. रोहितने बायकोकडे. ऊटीचं हॉटेल त्याच रात्रीचं होतं, गाडी दारात आली होती, आणि हे सकाळी शब्द देतानाही सुनीलला माहीत होतं. "पुढच्या वर्षी ताई, नक्की," तो म्हणाला. ऊटीत दीपमालाने सगळ्यांचे फोटो काढले.

नाशिकला आल्यावर हत्तीची गोष्ट घरोघर गेली. एका बारशाला सुनील पाहुण्यांना सांगत होता, "आम्ही सगळे जिपेत, ताईसुद्धा..."

"मी नव्हते," दीपमाला म्हणाली. "मी वेदिकाला ओआरएस पाजत होते."

पाहुणे हसले. सुनील हसला नाही. घरी जाताना म्हणाला, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

पुढच्या वर्षी तिने पुन्हा त्याच जुन्या लॉजवर फोन लावला. या वेळी लपवलं नाही. सगळ्यांना बसवून तारखा सांगितल्या आणि एकटी जाणार, हेही सांगितलं. मग आशाच्या पोटात दुखायला लागलं, पित्ताशयात खडे निघाले, आणि ऑपरेशनची तारीख ठरली ती नेमकी त्याच आठवड्यातली. रोहितला तेव्हाच सुट्टी मिळत होती.

"एक आठवडा पुढे घ्या," दीपमाला म्हणाली. "घाई नाही. मी डॉक्टरांशी बोललेय. परत आले की महिनाभर तुमच्याकडेच राहते."

"आत्या, मम्मीपेक्षा हत्ती मोठे झाले का?" रोहितने विचारलं.

तिला बरंच काही सांगता आलं असतं. तिने एवढंच विचारलं, "तुझी सुट्टी मोठी झाली का?"

तारीख बदलली नाही. ती गेली. स्टेशनवर सोडायला कोणी आलं नाही. बॅग उचलून देणारा रिक्षावाला म्हणाला, "सिस्टर, एकट्याच?"

मादप्पाने तिला ओळखलं. जीप तिची एकटीची होती, जंगल शांत होतं, पण वळवाचा पाऊस लवकर पडला होता. रानात जागोजागी पाणी झालं, की हत्ती काठावर यायचं काही कारण उरत नाही. तीन फेऱ्या कोरड्या गेल्या. चौथ्या फेरीत, सूर्य कलताना, पलीकडच्या काठावर काही करडे ठिपके दिसले. तिने दुर्बीण लावली. तीन-चार हत्तिणी होत्या. गवत उपटत होत्या, पायावर आपटून माती झाडत होत्या, तोंडात घालत होत्या. एक पाण्यात गेली आणि उगीचच उभी राहिली.

याच क्षणासाठी तिने इतकी वर्षं काढली होती. आणि तिच्या डोक्यात चाललं होतं, आशाचं ऑपरेशन आज सकाळीच झालं असेल, भूल उतरली असेल, उलट्या होत असतील, मान कलती करायला त्यांना कोणी सांगितलं असेल का. तिने ते झटकून टाकलं. पुन्हा बघायला लागली. पुन्हा तेच. तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने दुर्बीण डोळ्यांवरून खाली ओढली. ती पुन्हा लावेपर्यंत हत्ती झाडीत शिरले होते.

"अच्छा लगा, मॅडम?" मादप्पाने विचारलं.

"हां," ती म्हणाली.

आशाचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण एका टाक्यात पू धरला. दवाखान्यात हे होतं, हे दीपमालाइतकं कोणाला माहीत असणार? ती असती तर लाली आधी दिसली असती का? कदाचित. नातेवाइकांत मात्र एवढंच पसरलं, की भावजय टेबलावर होती आणि नणंद जंगलात. ती स्टेशनवरून थेट सुनीलकडे गेली, हात धुतले, ड्रेसिंगचं सामान काढलं. आशाने तोंड भिंतीकडे वळवलं, पण पदर बाजूला केला. जखम भरेपर्यंत दीपमाला रोज जात राहिली. जखम भरल्यावर आशाने हर्षालीकडून निरोप दिला, की आता यायची गरज नाही.

सुनील राखीपर्यंत आला नाही. राखीला आला, एकटाच. पाटावर बसला, राखी बांधून घेतली, पेढा खाल्ला. तिने चहा दिला.

"दिसले का मग?" त्याने विचारलं.

"दिसले."

"किती लांबून?"

"पलीकडच्या काठावर होते."

"आम्हाला अगदी इथून त्या दारापर्यंत होते," तो म्हणाला. त्याने चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि चप्पल घातली. जिना उतरता उतरता त्याला आठवलं. "ताई, हर्षालीच्या आईला उद्यापासून इंजेक्शनं सुरू करायचीत. सकाळी जाशील ना?"

दीपमाला दारात उभी होती. खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता.

"किती वाजता?" तिने विचारलं.