इंग्रजी गाण्यावर दोन मिनिटं शांतता

बसा, चहा गार होऊ द्या थोडा. तोवर माझी एक फजिती सांगून टाकतो. आजवर आपणहून कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नाहीच ती. पण आता वय झालं, लाज कमी झाली.

ही गोष्ट नव्वदीतली. मी तेव्हा पंचविशीचा. राहायला पेणला, नोकरीला रोह्याच्या एका केमिकल कंपनीत. नुकताच लागलो होतो, वर्षही झालं नव्हतं. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड शिफ्ट. थर्ड म्हणजे रात्रभर जागरण. शरीराला कळायचंच नाही की आता जेवायचं की झोपायचं की दात घासायचे! गाडीत डुलकी लागायची आणि डोळे उघडायचे ते थेट रोह्याच्या अलीकडच्या निडी स्टेशनला. मग रोहा येईपर्यंत उभा राहायचो. बसलो तर गाडी परत फिरून मला पेणला आणून टाकील, ही भीती!

इतका दमलेलो असायचो की बायको म्हणायची, "अहो, निदान जांभई तरी पूर्ण द्या."

आता या दमलेल्या माणसाकडे एकच चैनीची गोष्ट होती. एक कॅसेट. ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांची.

तिचीही हकीकत आहे. माझा मित्र नंदू, त्याच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. नंदूच्या मामानं मस्कतहून व्हीसीआर आणला आणि सोबत इंग्रजी गाण्यांची एक व्हिडिओ कॅसेट. घरात बघायची सोय नाही, वडील तापट. म्हणून आम्ही टीव्ही चढवला कारखान्याच्या माळ्यावर. खाली कामगार माती मळतायत आणि वर आम्ही दोघं, आजूबाजूला पन्नास-साठ पांढरे गणपती. त्यांच्या डोळ्यांची आखणी व्हायची होती म्हणून बरं. नाहीतर काय काय बघावं लागलं असतं बाप्पाला!

काय ते व्हिडिओ, राव! खांदे आभाळाला टेकलेले कोट. केस असे फुगवलेले की वाटावं आत बांबूचा सांगाडा घातलाय. आणि धूर! कुठून यायचा देव जाणे, पण गाणं सुरू झालं की धूर. माझा सगळ्यात आवडता व्हिडिओ म्हणजे एक निळ्या डोळ्यांचा माणूस ओल्या रस्त्यावरून एकटा चालतो. खिडकीतले पडदे उडतात. मध्येच विनाकारण एक कबुतर उडतं. आणि तो आकाशाकडे बघून गातो. बास! एवढंच. पण मी आणि नंदू तो चाळीस वेळा पाहायचो आणि चाळीस वेळा रुमाल शोधायचो. कोण कुणाला सोडून गेलं, का गेलं, काही कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणूनच जास्त रडू यायचं.

मग मी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ती गाणी साध्या कॅसेटमध्ये भरून घेतली. त्या निळ्या डोळ्यांवाल्याच्या गाण्यात मागून नंदूच्या वडिलांची हाक येते, "अरे, रंग कुणी सांडला?" ती पण मला पाठ होती.

गाण्याचे शब्द मी ऐकून ऐकून वहीत लिहिले. देवनागरीत. आमचं इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं. त्यात टेप खेचलेली. त्यामुळे जे कानावर पडलं ते लिहिलं. त्या गाण्याचा मुखडा माझ्या वहीत असा:

'व्हेन यू गोवे, आय मरे, आय मरे, ओ ओ ओ, आय मरे.'

खरे शब्द काय होते, ते मला आजतागायत माहीत नाही. विचारायचं कुणाला?

तर हिवाळ्यात कंपनीचं स्नेहसंमेलन आलं. दुपारी चारचा कार्यक्रम, मैदानात मांडव, कामगारांच्या घरची मंडळी, पोरंबाळं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळ्यांना आमंत्रण. त्यात त्या वर्षी नवी मशीन बसवायला विलायतेहून एक इंजिनिअर आला होता. लालबुंद, उंच, घामानं निथळणारा. त्याला पहिल्या रांगेत बसवायचं होतं.

आमचे मॅनेजर चौबळसाहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काय हो, तुम्ही इंग्रजी गाणी म्हणता असं ऐकलं."

"गुणगुणतो, साहेब. झोप येऊ नये म्हणून."

"म्हणा एक संमेलनात. पाहुण्याला बरं वाटेल. बिचारा आठवडाभर कोळीगीतं ऐकतोय."

माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. साहेब खूश झाले तर जनरल शिफ्ट मागता येईल! नऊ ते साडेपाच. माणसासारखं उठायचं, माणसासारखं झोपायचं. हो म्हटलं की हो!

मी कोट भाड्यानं आणला. खांदेवाला. बँडवाल्याकडून. छातीवर सोनेरी गोंडे होते, ते बायकोनं उसवून दिले. माझ्या घरचं मात्र कुणी संमेलनाला आलं नाही.

स्टेजवर गेलो. मागे ऑर्गनवर आमच्या स्टोअरमधला एकजण होता, त्याला एकच चाल यायची, आरतीची. मी म्हटलं, तू हळू वाजव, मी बघतो. डोळे मिटले. तो ओला रस्ता आठवला, ते पडदे, ते कबुतर. आणि दमलेल्या माणसाचा आवाज आपोआपच भरून येतो, त्याला रियाज लागत नाही!

"व्हेन यू गोवेऽऽ, आय मरेऽऽ, आय मरेऽऽ..."

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं! मी आपला विलायतेत.

समोर दुसऱ्या रांगेत हिराजीची आई बसली होती. हिराजी म्हणजे माझ्या शिफ्टचा जोडीदार, निडीच्या बाजूचा. नऊवारी नेसलेली, कपाळावर हिरवं गोंदण, अशी ती म्हातारी. तिनं शेजारणीला विचारलं, आणि माझ्या कानावर पुसट आलं, "काय बोलतंय गो त्यो?"

"आय मेली म्हन्तंय."

"अगो बया! पोराची आय मेली?"

आणि तिनं जो हुंदका काढला! मला वाटलं, वा, सूर लागला. मी आणखी जीव ओतला. "ओ ओ ओऽऽ, आय मरेऽऽ!" बायकांचे पदर डोळ्यांना लागले. एक-दोन पुरुषांनी टोप्या काढल्या. मला आतून भरून आलं. म्हटलं, बघा, संगीताला भाषा नसते म्हणतात ते खरं!

पहिल्या रांगेत पाहुण्यानं चौबळसाहेबांच्या कानाशी तोंड नेलं. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं त्याला काहीतरी सांगितलं. पाहुणा सावकाश उठून उभा राहिला. हात पुढे बांधले, मान खाली घातली. पाहुणा उठला म्हणून साहेब उठले. साहेब उठले म्हणून अख्खा मांडव उठला.

मला काय वाटलं असेल? इंग्रज माणूस माझ्या इंग्रजी गाण्याला उभा राहून दाद देतोय! मी मुखडा आणखी तीनदा घेतला. मग थांबलो. कुणी टाळी वाजवेना. नुसती शांतता. दोन मिनिटं झाली असतील. मग सगळे बसले. मी म्हटलं, याला म्हणतात रंगणं. टाळीसुद्धा सुचत नाही लोकांना.

खाली उतरलो तर पाहुण्यानं दोन्ही हातांत माझा हात धरला. "सॉरी," म्हणाला. "व्हेरी सॉरी." मला वाटलं, त्यांच्याकडे आता अशी गाणी होत नाहीत म्हणून म्हणत असेल. मग त्यानं विचारलं, "मराठी?"

मी चमकलो. "नो सर! इंग्लिश! इंग्लिश!"

त्यानं समजुतीनं माझ्या पाठीवर थोपटलं. "येस, येस. युवर इंग्लिश इज व्हेरी गुड."

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ.

"कधीची गोष्ट ही?"

"चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल साहेब. कॉलेजात होतो."

"इतकी वर्षं मनात ठेवलंत?"

"काय करणार? आजकाल कोण ऐकतंय असलं."

"मिसेसना माहीत आहे?"

"माहीत आहे साहेब, पण तिला त्याचं विशेष काही नाही."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "होतं तसं. सुनांना काय असणार म्हणा." मला हे सुनांचं काही कळलं नाही, पण साहेबांपुढे सगळं कळल्यासारखी मान हलवायची सवय होती. "दमलेले दिसता तुम्ही," ते म्हणाले. "सोमवारपासून जनरलला या. घरी वेळ द्या."

मागायचीही गरज पडली नाही! त्या दिवशी गाडीत मी पहिल्यांदा पेणपर्यंत जागा होतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हिराजी शोधत आला. हातात फडक्यात बांधलेला डबा. "घे. आयनं धाडलाय. तांदलाची भाकरी नि सुकट हाय."

"मला? कशाला रे?"

"तुला आय नाय ना. आय दोन दिस जेवली नाय तुझ्यापायी. बोलली, त्या पोराला सांग, मी हाय."

मी फडक्याची गाठ सोडली. एकेक गोष्ट लख्ख उजेडात आली. म्हातारीचा हुंदका, पाहुण्याचं सॉरी, साहेबांचं सुनांचं वाक्य. आय मरे! अरे देवा! माझी आई पेणला ठणठणीत! त्याच सकाळी भाजीवाल्याशी भांडून कोथिंबीर फुकट घेऊन आलेली!

आता सरळमार्गी माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथे सांगितलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आदल्या रात्री मी आठ तास झोपलो होतो. सलग. किती महिन्यांनी! उशीला वास कसला येतो हेसुद्धा विसरलो होतो मी. तोंड उघडलं होतं, त्यात भाकरीचा तुकडा घातला.

रोज ठरवायचो, उद्या सांगू. रोज डबा यायचा. इतकी चविष्ट सुकट मी जन्मात खाल्ली नाही आणि इतकी जड कधी गिळली नाही. संध्याकाळी घरी आलो की आई विचारायची, "काय रे, असा का बघतोस माझ्याकडे?" मी म्हणायचो, "काही नाही. तब्येत जप."

पाच महिने काढले असे.

जूनमध्ये एका रविवारी दारात जीप थांबली. चौबळसाहेब! कंपनीच्या गणपतीची ऑर्डर द्यायला पेणला आले होते. म्हणाले, "म्हटलं, आलोच आहे तर तुमच्याकडे डोकावावं."

मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात असा उभा राहिलो की आतून माशी बाहेर येऊ नये. साहेब भिंतींवरून नजर फिरवत होते.

"आईंचा फोटो दिसत नाही कुठे? नमस्कार केला असता."

"तो... काच फुटली साहेब. दुरुस्तीला दिलाय."

एवढ्यात माझ्या काखेखालून चहाचा ट्रे बाहेर आला आणि त्यामागून आई. "माझा फोटो? आणि तो काय करायचाय तुम्हाला?"

साहेबांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

"मी ह्याची आई," आई म्हणाली. "साखर कमी घातलीय, चालेल ना?"

पुढची पाच मिनिटं मी जमिनीकडे बघून बोललो. नंदूचा माळा, कॅसेट, वही, व्हेन यू गोवे, सगळं. शेवटी म्हटलं, "साहेब, खोटं मी बोललो नाही. पण खरंही बोललो नाही. झोप फार छान लागत होती हो."

साहेब चहा पीत राहिले. कप खाली ठेवला. "सोमवारपासून थर्ड शिफ्ट."

"हो साहेब."

"आणि हिराजीच्या आईला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं."

"हो साहेब."

ते उठले, चपला घालता घालता थांबले आणि आईकडे वळले. हसू की रडू असा चेहरा. "पण काकू, एक सांगतो. तुमचा मुलगा गायला तेव्हा अख्खा मांडव उभा राहिला होता. तो इंग्रजसुद्धा! दोन मिनिटं, मान खाली घालून!"

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिकामे कप उचलले.

"नुसते उभे राहिले? भली माणसं हो तुमच्याकडची. आमच्या आळीतली तर उठून घरी जायची."