ताट दाखव

"ताट दाखव, पोरी!"

आमच्या कुडवा गावात शेजारच्या ओसरीवरून ही हाक दिवसभर यायची. हाक आली की छबी जेवलेलं ताट घेऊन धावत बाहेर यायची. तिचे आजोबा चष्मा सारखा करून ताट न्याहाळायचे. शीत उरलेलं दिसलं की विचारायचे, "हे कोनासाठी ठेवलं? माह्यासाठी?" गल्लीत आम्ही सगळेच त्यांना आबाजी म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, नातीचे लाड. पण मी त्यांना आधीपासून ओळखत होते. हा माणूस उपासाचा पक्का. सोमवार, एकादशी, शिवरात्र, काही सोडायचे नाहीत. आम्हाला तिथी कळायची ती आबाजींच्या सुकलेल्या तोंडावरून.

छबीच्या आधी त्या घरात एक नातू होता. त्याला ताप आला, ओकाऱ्या झाल्या. आपल्याकडे तापात पोट रिकामं ठेवतात, तसं आबाजींनी ठेवायला लावलं. "अन्न बंद करा, ताप आपोआप उतरते." सकाळी पोर हलवूनही जागं होईना. नागपूरला नेईपर्यंत लिव्हर निकामी झालं होतं. ते पोर गेलं.

छबी झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, तेव्हा उलगडा झाला. आपण उपाशी राहिलो तर अंगातली चरबी जळते आणि शरीर चालतं. या भावंडांच्या शरीराला चरबी नीट जाळताच येत नव्हती. पोट फार वेळ रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरणार आणि लिव्हरवर बेतणार. म्हणून वेळेवर खाणं, आणि ओकारी सुरू झाली तर तडक दवाखाना, ग्लुकोज. तुमचा दोष नाही, कोणालाच माहीत नव्हतं, असं बाईंनी आबाजींना परोपरीने सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं नसावं.

पुढे एका शिवरात्रीला छबी तोंड मिटून बसली. "मी बी उपास, आबाजीसारखा." सुनेने विनवलं, दटावलं, पोरगी ऐकेना. आबाजी उठले, चौकातून तर्री-पोहा घेऊन आले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ओसरीवर खायला बसले. छबीही शेजारी बसून खाऊ लागली. शेजारी आमच्या ओसरीवर माझी शिलाई मशीन थांबली.

"आबाजी, आज शिवरात्र!"

"मालूम आहे. महादेवाले मी समजावतो. तू कापड शिव."

त्यानंतर त्यांनी एकही उपास धरला नाही.

लग्नात तर त्यांची दहशतच. वरात लांबली आणि पंगत अडली, की आबाजी सरळ आचाऱ्यापुढे उभे. "भैया, पहले इसको परोसो. दूल्हा आता रहेगा." वरपक्षाचे लोक डोळे वटारायचे. आबाजी छबीकडे पाहत राहायचे. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं.

छाती दुखायला लागली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "ताई, मी गेलो का सारे रडत बसतीन. घरात चूल पेटनार नाही. पोरीचं तू पाहजो. माह्यं मढं दारात असलं तरी."

"काही होत नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"माह्यं सोड. पोरीचं सांग."

मी हो म्हटलं.

ते सकाळीच गेले. रायपूरहून लेक यायची होती, म्हणून सगळे थांबलेले. सुनेला कशाचीच शुद्ध नव्हती. छबी भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मी घरी जाऊन वरणभात कालवून आणला.

"मढं उचलाच्या आधी जेवून राहिली का ही?" एक म्हातारी ओरडली.

"हो, जेवणार. आबाजींनी सांगून ठेवलंय." माझा आवाज चढला होता.

छबी जेवली. रडत जेवली, पण जेवली. मग उठली. आज हाक येणार नव्हती, तरी ताट घेऊन ती त्यांच्याजवळ गेली आणि वाकून त्यांच्या चेहऱ्यासमोर धरलं.

"पाहा ना आबाजी," ती म्हणाली, "एक शीत नाही उरलं."