नानांचं दुहेरी कुलूप

रिटायर झाल्यावर माणसाकडे दोनच गोष्टी वाढत जातात, गोळ्या आणि किस्से. गोळ्या निदान संपतात तरी. आमच्या बाकावर साचलेल्या किश्शांपैकी निम्मे एकट्या नानांचे आहेत, आणि नानांचे निम्मे त्यांच्या तिजोरीचे. ते एकदाचे सांगून टाकतो, म्हणजे बाकावर थोडी जागा होईल.

हा बाक यवतमाळात रफिकभाईंच्या दुकानासमोर आहे. दुकान लोखंडी कपाटांचं. ते आता त्यांची मुलं चालवतात आणि रफिकभाई बाहेर बसून मुलांच्या चुका काढतात. मी बांधकाम खात्यातला जुना कारकून. नाना ट्रेझरीतले. ट्रेझरीत हयात घालवलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारचे लोक दिसतात. एक ज्यांनी पैसे नेले ते, आणि दुसरे जे नेणार आहेत ते. आम्ही दोघं कोणत्या प्रकारात मोडतो याची नानांनी अजून खात्री करून घेतलेली नाही.

*

सुरुवात बँकेच्या लॉकरपासून झाली. लॉकरची एक चावी आपल्याकडे असते आणि दुसरी बँकेकडे, ही गोष्ट नानांना इतकी वर्षं माहीत होती. पण एका सकाळी ती त्यांना खुपायला लागली.

"म्हणजे सोनं आपलं, आन अर्धी चावी परक्याकडं?"

"तशी तं अर्धी तुमच्याकडं पण हाय," रफिकभाई म्हणाले. "बँक कुठं घाबरून राह्यली?"

नानांनी सोनं घरी आणलं. खरं तर सोनं नानांचं नव्हतंच, वहिनींचं होतं. त्यातला गोफ वहिनींच्या आईचा. हाच गोफ एकदा नानांनी वहिनींना न विचारता आपल्या बहिणीला, दारव्ह्याच्या ताईंना, एका लग्नापुरता घालायला दिला होता. तो परत आला तेव्हा वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे बोटभर आखूड होता. नानांच्या म्हणण्याप्रमाणे वहिनींची मान भरली होती. प्रकरण अजून न्यायप्रविष्ट आहे.

सोनं घरी आलं आणि नानांची झोप गेली. मग त्यांनी विम्याचा एजंट बोलावला. त्याचं नाव सचिन, स्वभावाने चांगला, म्हणजे या धंद्यात फार टिकणारा नव्हे. तो म्हणाला, दागिन्यांचा विमा उतरेल, पण कंपनीची अट आहे. दागिने तिजोरीत हवेत, तिजोरी कंपनीला चालेल अशा दर्जाची हवी आणि जमिनीला बोल्टने ठोकलेली हवी. लाकडी कपाट चालणार नाही.

"काका, तिजोऱ्या दोन जातीच्या असतात," त्याने समजावलं. "एक आगीपासून वाचवते, एक चोरापासून. आपल्याला चोरवाली पाहिजे."

वहिनी पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन नंदेपासून वाचवते ते कोणती?"

सचिनने पाणी पिऊन घेतलं आणि कंपनीला विचारून सांगतो म्हणाला.

*

तिजोरी घ्यायची ठरली. समोर बसलेला मित्र आयुष्यभर लोखंडी कपाटं विकत आलेला. पण नानांचा हिशेब वेगळा. ज्याच्याकडून तिजोरी घेतली, त्याला आपल्याकडे तिजोरी आहे हे कळणार.

तरी माहिती तर हवी. म्हणून एका सकाळी नाना सहज आवाजात म्हणाले, "रफिकभाई, माह्या एका दोस्ताले तिजोरी घ्याची हाय. त्यानं काय काय पाहावं?"

रफिकभाईंनी सगळं सांगितलं. पत्रा किती जाड हवा, बिजागरी बाहेरून दिसते का, वजन किती, कंपनीचं सर्टिफिकेट खरं की नुसतं चिकटवलेलं. शेवटी म्हणाले, "आन दोस्ताले सांगा, माह्याकडून घेऊ नको. मी कोणाले सांगत नाही, पण दोस्ताले झोप येणार नाही."

नाना चहा न पिता उठले. ओळखलं कसं, हे मला पुढे आठवडाभर विचारत होते.

*

मग नाना नागपूरला गेले. सोबत मला नेलं, कारण मला घरी ठेवलं असतं तर मी काय करीन याची खात्री नव्हती.

दुकानातला सेल्समन बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी दाखवत होता. नंबर विसरायची भीती नाही, चावी हरवायची भीती नाही, नुसतं बोट लावा.

"माणूस झोपेत असताना कोणी त्याचं बोट लावलं तं?" नानांनी विचारलं.

"उघडेल ना सर. पण घरात कोण कोण असतं?"

"फक्त मिसेस."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्यांच्या किमती वाचू लागलो.

शेवटी नंबर आणि चावी दोन्ही लागणारी तिजोरी पसंत पडली. नंबर दाबायचा, मग चावी फिरवायची. एकट्या नंबराने उघडत नाही, एकट्या चावीनेही नाही. नानांचा चेहरा उजळला. ट्रेझरीच्या स्ट्राँगरूमला असंच दुहेरी कुलूप असतं. दोन चाव्या दोन अंमलदारांकडे, आणि दोघं समोरासमोर असल्याशिवाय दार उघडत नाही.

बँकेच्या लॉकरलाही असंच असतं, हे मी बोललो नाही. परत यायचं भाडं नानांकडे होतं.

*

तिजोरी यवतमाळला पोचेपर्यंत नानांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं की घरी कूलर येणार आहे. दिवस कडाक्याच्या थंडीचे. लोक कानाला मफलर बांधून कूलर पाहायला जमले.

पिकअपमधून पोत्यात गुंडाळलेली वस्तू उतरवायला ड्रायव्हर आणि क्लीनर पुरे पडेनात. मग मी रफिकभाईंच्या दुकानातले हमाल आणले. त्यांच्यातला म्होरक्या वस्तूला हात लावूनच म्हणाला, "नाना, ह्या कूलरात पानी भरूनच आनलं का?"

नानांनी त्याला मजुरीपेक्षा जास्त पैसे दिले. तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत सगळ्यांना कळलं की जास्त का दिले.

*

आता बोल्ट. त्यासाठी मिस्त्री घरात येणार, आणि तिजोरी कुठे बसते ते बघणार. नानांनी रात्रभर विचार करून तोड काढली. मिस्त्रीकडून तिन्ही खोल्यांत सारखी भोकं पाडून घ्यायची. म्हणजे तिजोरी नेमकी कोणत्या खोलीत, हे त्याच्या बापाला कळणार नाही.

मिस्त्रीने निमूटपणे बैठकीत, स्वयंपाकघरात आणि देवघराच्या खोलीत चार चार भोकं पाडली. सामान आवरताना म्हणाला, "साहेब, बोल्ट तं तुमच्यानं कसले जाणार नाही. तिजोरी देवघरात ठेवली हाये ना, तिथले तेवढे मी कसून देतो."

बैठकीतल्या भोकांवर सध्या सोफा आहे. स्वयंपाकघरातल्या भोकांतून मुंग्या येतात.

*

पॉलिसीच्या कागदात एक ओळ अशी होती की तिजोरीचा बोभाटा करू नये. ती ओळ नानांनी वहिनींना वाचून दाखवली. वहिनींनी ऐकून घेतली.

पण घरात नवीन वस्तू आली आणि तिची पूजा नाही, असं त्या घरात कधी झालेलं नाही. मिक्सरचीही झाली होती. नाना पेन्शनच्या कामाला गेले असताना वहिनींनी तिजोरीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. आमची सौ. पेढे घेऊन घरी आली आणि म्हणाली, "चांगली हाये. हिरव्या रंगाची."

नाना परतले तेव्हा दारात चपलांचा ढीग. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर चपला मोजल्या.

"काहून बोलावलं एवढ्यांना?"

"मंग, देवाची पूजा चोरून करू का?"

नानांनी दारात जाऊन चपला पुन्हा एकदा मोजल्या.

*

नंबर कोणाकडे आणि चावी कोणाकडे, यावर त्या घरात दोन दिवस अबोला होता. वहिनी म्हणाल्या, सोनं माझं आहे तर दोन्ही माझ्याकडे. नाना म्हणाले, नियमात बसत नाही. शेवटी नंबर वहिनींनी ठेवला. तो भरताना त्यांनी नानांना अंगणात उभं केलं. चावी नानांनी करगोट्याला बांधली. अंघोळीलाही सोडत नसत.

राहिली डुप्लिकेट चावी. घरात ठेवली तर वहिनींच्या हाती लागणार आणि दुहेरी कुलूप एकेरी होणार. ट्रेझरीत डुप्लिकेट चावी सील करून दुसऱ्या कचेरीत ठेवतात. नानांची दुसरी कचेरी म्हणजे मी.

ते चावी घेऊन आमच्या घरी आले. माझ्याकडे नोकरीतली लाखेची कांडी पडून होती. आमची सौ. पोळ्या करत होती, तिला बाजूला सरकवून नानांनी गॅसवर लाख वितळवली, पाकिटावर ओतली आणि वर एक रुपयाचं नाणं दाबून ठसा उमटवला.

नाणं मात्र त्यांनी पुसून आठवणीने परत खिशात घातलं. म्हणजे दुसऱ्या कोणाला तसा ठसा उमटवता येऊ नये.

"झालं असल तं गॅस मोकळा करा," सौ. म्हणाली.

पाकीट मी माझ्या कपाटात स्वेटरांखाली ठेवलं. नानांनी कपाटाचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. मग जाता जाता मला म्हणाले, "वसंता, तुझ्यावर माझा विश्वास आहे." हे वाक्य त्यांनी याआधी कधी उच्चारलं नसावं. मध्येच अडखळले.

*

विमा कंपनीचा माणूस तपासणीला आला, तेव्हा नानांनी आधी त्याचं ओळखपत्र तपासलं, मग त्याच्या ऑफिसला फोन लावून तो दिसायला कसा आहे ते विचारलं. मग दोघा अंमलदारांनी तिजोरी उघडली. वहिनींनी पदराआडून नंबर दाबला, नानांनी वहिनींकडे पाठ करून चावी फिरवली. गोफ, पाटल्या, सगळं जागेवर.

"ही तिजोरी एकटं कोण उघडू शकतं?" त्या माणसाने विचारलं.

"कोणीच नाही," नाना म्हणाले. मी त्यांना इतकं सुखी त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

तो माणूस जाताना म्हणाला, काकू दागिने घालायचे असतील तर खुशाल घाला, फक्त घरी आल्यावर परत तिजोरीत ठेवा. त्यातलं पहिलं वाक्य वहिनींनी ऐकलं. दुसरं नानांनी.

*

वहिनींच्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. इथेच, यवतमाळात. वहिनींनी गोफ मागितला. आईचा गोफ, आईच्या नातीचं साक्षगंध. दुसरं काही मागत नव्हत्या.

नाना म्हणाले, "मंगल कार्यालयात शंभर माणसं. कोणाचा भरवसा? बेन्टेक्सचं घाल. कोणाले समजते?"

"मले समजते," वहिनी म्हणाल्या.

हे नानांनीच आम्हाला बाकावर सांगितलं. रफिकभाईंनी समजावलं, "नानासाहेब, जे घालताच येत नाही त्याचा विमा कायले?" नाना म्हणाले, तुम्हाला त्यातलं कळत नाही.

साक्षगंधाच्या दिवशी नाना सकाळीच दारव्ह्याला बहिणीकडे निघून गेले. बहिणीची तब्येत अचानक बिघडली होती म्हणे. करगोट्याला चावी होतीच. जाताना बाकापाशी थांबून त्यांनी शर्टावरून ती चाचपली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाकीट?"

"स्वेटरांखाली," मी म्हणालो.

समाधानाने गेले.

दुपारी मी आणि रफिकभाई बाकावर बसलो होतो. आमच्याच गल्लीतून वहिनी बाहेर आल्या. हिरवी पैठणी, हातात पाटल्या. गळ्यात गोफ. चांगला भरघोस दिसत होता, आखूडबिखूड काही वाटला नाही. मानही बेताचीच होती.

रफिकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, नाना आले का दारव्ह्यावरून?" मी विचारलं.

"नाही. उद्या येतात."

"आणि चावी?"

"ते तं त्याइच्या कंबरेले हाये. आता वन्संच्या घरी जेवून राह्यली असल." त्यांनी ऑटोला हात केला. "भाऊजी, ऑटोवाला मंगल कार्यालयाचे किती घेते हो आजकाल?"

मी आकडा सांगितला. वहिनी बसल्या, पदर नीट केला, गोफ पदरावर घेतला आणि गेल्या.

रफिकभाईंनी आधी ऑटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वसंतभाऊ, दुसरी चावी तुमच्याकडं हाय ना?"

"सीलबंद आहे."

"मी कुठं काय म्हणलं?" ते म्हणाले. पण त्यांची नजर आता तीच होती, जी नाना इतकी वर्षं आमच्याकडे लावून बसत. उद्या नाना येणार, आणि त्यांच्या जगात चावी ठेवलेला माणूस एकच होता. मी.

मी धावलो असं म्हणवत नाही, पण या वयात ज्याला धावणं म्हणता येईल तसं घरी आलो. कपाट उघडलं. स्वेटर बाजूला केले. पाकीट जागेवर. चाचपलं, चावी आत. सील सलग. रुपयाचा ठसा स्वच्छ, गोल, जसाच्या तसा. माझा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करावी म्हणून मी सीलवर अंगठा टेकवायला गेलो.

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला.

"तिथं हात लावू नका. गरम हाये अजून."