बाबांचा पहिला मासा

पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. काठावर पाय आपटत चालायचं नाही. गळ लहान घ्यायचा, चाऱ्याचा गोळा सुपारीएवढा. आणि पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी नुसती हलली म्हणून ओढायचं नाही. ती पूर्ण बुडाली की ओढायचं. पहिला मासा मिळायला एवढं पुरतं म्हणतात. मला यातलं शेवटचं कधी जमलं नाही. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवलेली होती. मी फोनवर कुणावर घसरायला लागले की बाबा पेपरामागून नुसते खाकरायचे. एक कोरडं खाकरणं, त्याचा अर्थ थांब.

बाबा दर रविवारी हिमायतनगरहून स्कूटर काढून शमशाबादकडच्या एका तळ्यावर जायचे आणि दुपारी मासा घेऊन यायचे. आई तळायची. पहिला तुकडा उचलताना बाबांचा रुबाब असा, की तळं त्यांच्याच नावावर आहे.

ते गेले तेव्हा दहावा त्याच तळ्याच्या घाटावर केला. कावळे भरपूर होते. बाभळीवर ओळीने बसून पिंडाकडे बघत होते आणि एकही खाली उतरत नव्हता. चुलतभावाने हात जोडून सांगितलं, काकूला काही कमी पडू देणार नाही. मी सांगितलं, आईला एकटं सोडणार नाही. ज्याला जे सुचलं ते त्याने कबूल केलं. आई मात्र पदर तोंडाशी धरून गप्प उभी होती. ऊन चढल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिंड पाण्यात सोडले. मासे खातात, म्हणाले. निघताना मी वळून पाहिलं, तर कावळे अजून तसेच बसले होते.

तेव्हापासून आईचं जेवणावरून मन उडालं. भात चिवडत बसायची आणि म्हणायची, “त्यांचं काहीतरी राहिलंय गं.” काय राहिलंय विचारलं की उठून जायची. तिचे हात काटक्यांसारखे होत चालले, आणि मला भीती वाटायला लागली. आम्ही सगळं कबूल केलं होतं, फक्त बाबांच्या गळाच्या काठीचं नाव कुणी काढलं नव्हतं. एका रविवारी मी ती काढली आणि तळ्यावर गेले.

बाबांच्या नेहमीच्या दगडाशेजारी एक म्हातारे चाचा बसलेले असत. त्यांनी मला ओळखलं, चारा मळायला शिकवलं, आणि दर थोड्या वेळाने माझी सावली पाण्यावरून हटवली. बारा वाजले की तिथे वारा पडतो. झाडं, पाणी, सगळं दबा धरून बसल्यासारखं होतं. काडी हलली, माझा हात उचलला गेला, आणि माझ्या अगदी मागे कुणीतरी खाकरलं.

मी गर्रकन वळले. मागे बाभूळ होती आणि तिच्यावर कावळे. पुन्हा पाण्याकडे वळेपर्यंत मासा चारा खाऊन गेला होता. पुढच्या रविवारीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी कुणाला बोलले नाही. वेडी ठरवायला लोक टपलेलेच असतात.

मग एकदा चाचांना सहज विचारलं, बाबांना इथे सगळ्यात मोठा मासा केवढा मिळाला होता?

चाचांनी पान थुंकलं. “बेटी, तुमारे बावा इत्ते बरसां मेरे बाजू बैठे, एक मच्छी नै पकड़े. काडी डूबती, मैं बोलता, खींचो साब. उनो बोलते, ठैरो. ठैरते ठैरते मच्छी चली जाती.”

“मग घरी यायचे ते मासे?”

“बाजार से लेते थे. मेरेकू बोले, घर पे नक्को बोलो.”

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात अंगावर काटा आला. काय राहिलं होतं ते मला कळलं.

त्या दिवशी काडी हलली तेव्हा मागचं खाकरणं ऐकू आलं, पण मी वळले नाही. हात आवरला. काडी हलत राहिली, तिरकी झाली, बुडाली. मागे पुन्हा खाकरणं, थांब म्हणणारं. बाबा इथेच चुकायचे. मी ओढलं.

हातभर रोहू गवतावर येऊन पडला. त्याचं तोंड उघडमीट होत होतं, आणि मला पाण्यात सोडलेले ते पिंड आठवले.

चाचा माझ्याकडे बघत होते. “बेटी,” ते हळूच म्हणाले, “अब्बी तुम खाँसे क्या?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आपलं सामान गोळा केलं आणि ते लवकर घरी गेले.

आईसमोर मासा ठेवला आणि सगळं सांगितलं. ती जराही चकित झाली नाही.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती म्हणाली. “खवले काढलेला मासा तळ्यात असतो का? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. घाटावर चारचौघांत कसं सांगायचं, की यांना एक मासा तेवढा मिळायचा राहिलाय?”

तिने मासा स्वतः साफ केला, तळला, आणि पहिला तुकडा भातावर घालून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. तिचा हात मागे यायच्या आत कावळा उतरला. आईने त्याला नमस्कार केला, खाली आली आणि पोटभर जेवली. माझ्याच्याने त्या माशाला हात लावला गेला नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बाभळीवर एकही कावळा नव्हता. बाराला वारा पडला, काडी हलली. मी हात आवरून धरला, कान मागे लावून बसले. आई पुन्हा जेवायला लागली होती, ते मला हवंच होतं, पण ते खाकरणंही हवं होतं. काडी नुसतीच हलत राहिली. मला धीर निघाला नाही, मी ओढलं. गळ रिकामा आला.

“जल्दी खींचे, बेटी,” चाचा म्हणाले.

“हौ,” मी म्हणाले, आणि नवा गोळा लावायला घेतला, पण डोळ्यांना गळ दिसेना.