ताईचा न खाण्याचा खरवस

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिव्हिक सेंटरच्या किराणा दुकानात चायना ग्रासचं पाकीट मागत होते... तिच्यासाठीच. सकाळी चहा पिता पिता हृदय थांबलं म्हणाले. पाकीट घेऊन मी घरी आले.

मरोद्याला आम्ही शेजारी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई बायकांच्या छातीतल्या गाठी शोधण्याच्या मागे लागली होती. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा उजेड कातडीतून आत सोडायचा आणि किती परत येतो ते मोजायचं. त्यावरून गाठीत रक्त किती, प्राणवायू किती हे कळतं आणि गाठ साधी की संशयाची याचा अंदाज येतो. यंत्र तपासायला ती दूध, चायना ग्रास आणि शाईचा थेंब मिसळून मोठ्या वाट्यांत छातीचा नमुना म्हणून घट्ट करायची, आत काळसर गाठ लपवून. तिचा फ्रिज भरला की वाट्या माझ्याकडे. एकदा आमच्या ह्यांनी खरवस समजून अर्धी वाटी संपवली, वर तिलाच विचारलं, "ताई, साखर कावून नाही टाकली तुमी?" ताई हसून हसून भिंतीला टेकली. तेव्हापासून प्रत्येक वाटीवर चिठ्ठी: 'खाऊ नका.' खाली छातीची बाजू, उजवी की डावी, आणि वरची बाजू दाखवणारा बाण.

गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे तपासून आल्या, मी तेवढी टाळत राहिले. एक दिवस तिनं पडदे ओढले आणि सरळ विचारलं, "मीना, तू कावून टाळून राहिली? हाताले काही लागते का?"

मला रडूच फुटलं. तीन महिने मी ती गाठ कुणाला सांगितली नव्हती. तिनं यंत्र फिरवलं, आकडे पाहिले.

"इथं रक्त जास्त दिसून राहिलं. पण माह्या उजेडानं निकाल लागत नाही. उद्या सुईची तपासणी. मी येते तुयासंगं."

निकाल वाईटच आला, पण वेळेत आला. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. आज मी धडधाकट आहे ती तिच्यामुळे, हे मी ठणकावून सांगते.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी तिचं काम पुढे चालवणारी तिची विद्यार्थिनी रश्मी ते यंत्र घेऊन आली. माझ्या फ्रिजमध्ये शेवटची वाटी होती. 'खाऊ नका. डावी.' गाठ कुठे, हे फक्त ताईला ठाऊक. रश्मी यंत्र सरकवत गेली...

"काकू, सापडली! वर, काखेच्या बाजूले. बोराएवढी."

माझा हात आपोआप व्रणावर गेला. माझी तिथंच होती, तेवढीच.

ओट्यावरचं चायना ग्रासचं पाकीट मी रश्मीच्या हातात दिलं. म्हटलं, "पुढची वाटी माह्याच फ्रिजात ठेवजो."