नामदेव पाठवायचा तो आकडा

नामदेव गेल्याचं कळलं तेव्हा मी मलकापूरच्या दुकानात गादी टाचत होतो. दुसरं कुणी गेलं असतं तर आधी रडू आलं असतं. नामदेव गेला म्हटल्यावर मला आधी राग आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही...

आमची ओळख कापसातली. तो जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, येणाऱ्या गाड्यांचा माल पारखायचा, मी तिथूनच गाद्यांसाठी रुई घ्यायचो. ज्या हंगामात बोंडअळीनं बीटीचीही बोंडं पोखरली, त्या हंगामात गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली न उमललेल्या बोंडांची किडकी, पिवळी कवडी निघायची. नामदेव कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कापूस उपसायचा. शेतकरी शिव्या घालायचे. "वरचा देवाले दाखव, मले खालचा दाखव," हे त्याचं ठरलेलं.

पन्नाशीत दोघांचंही बीपी बिघडलं आणि एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. सुटी देताना नर्सबाईंनी समजावलं, मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्या, रोज सकाळी घरी बीपी मोजा, आकडा पाठवा, वाढला तर आम्ही लगेच फोन करू. वॉर्डातल्या बहुतेकांनी लांबूनच हात जोडले, त्यांत मीही होतो. फोन उचलता येतो तेवढं आपल्याला पुष्कळ. नामदेवनं मात्र हौसेनं अ‍ॅप घेतलं, वर मलाच डिवचलं, "काऊन बे यासीन, मोबाइलले भेतं काय?"

दिवाळीनंतर त्याच्या घरी गेलो तर हा दंडाला पट्टा बांधून बसलेला. आकडा बराच वाढलेला आला. त्यानं पाणी प्यायलं, जरा आडवा झाला, पुन्हा मोजलं. असं करत करत बरा आकडा आला, तेवढाच पाठवला.

"अन् पहिला?" मी विचारलं.

"तो पाठवला तं भरती करतीन. कापूस येऊन राह्यला, जिनिंगवर कोन उभं राहीन?"

"लोकाईच्या गाडीत हात घालतं अन् सोताचा वरचाच कापूस दाखवतं का बे?"

तो खो खो हसला. मला मुळीच हसू आलं नाही. काही दिवसांतच तो जिनिंगच्या अंगणात कोसळला. मेंदूतली नस फुटली होती, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

परवा नामदेवच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, त्याचा मोबाइल माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "यासीनभाई, काल मी माहंच बीपी मोजलं. लय वाढेल होतं. त्याईच्या मोबाइलातून जसंच्या तसं पाठवून देलं. मले पाहाचं होतं, खरा आकडा पाठवला तं फोन येते का..."

"मग?"

"चहाले उकळी याच्या आत फोन आला. नर्सबाई घाईघाईनं इचारे, नामदेवभाऊ शुद्धीवर हायेत ना?"